खालचा टाक

उस्तादांच्या पायाला चैन नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या डावा पाय फरशी दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. पलंगावर टेकलेली बायको शेवटी वैतागली. "अहो, तिथे क्लच नाहीये. थांबवा तो पाय, मला गरगरायला लागलंय."

पाय थांबला, मग हात सुरू झाला.

उस्तादांनी उभी हयात बस चालवण्यात घालवली होती. खरं नाव डेपोत कुणाच्या लक्षातही नव्हतं. त्यांच्या सीटमागे एक पाटी असायची, 'चालकाशी बोलू नये'. एखादा उतारू बडबडायला लागला की उस्ताद मागे न बघता नुसता अंगठा त्या पाटीकडे दाखवायचे. बडबड्याचं तोंड स्टॉप येईपर्यंत बंद. नोकरी संपली आणि काचबिंदूनं गाठलं. समोरचं तेवढं दिसे, दोन्ही बाजू अंधारात. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच सुमारास बायकोच्या मूत्रपिंडांनीही हात टेकले. एक दिवसाआड सकाळी डायलिसिस. मुलगा भल्या पहाटे कारखान्यात जाणार, भाड्याचा गाडीवाला मनात येईल तेव्हा उगवणार. दोनदा तर तो उगवलाच नाही, आणि बायकोच्या अंगावर अशी सूज चढली की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता घरची गाडी चालवायची कुणी? उरली सून.

सुनेकडे लायसन्स होतं, पण हात बसलेला नव्हता. तो बसवायचं काम अर्थातच उस्तादांनी अंगावर घेतलं. उद्यापासून सासूला तिनंच न्यायचं, असं ठरलं होतं.

आणि आज सकाळी माशी शिंकली.

शेवटचा सराव म्हणून दोघं मोठ्या रस्त्याला लागले होते. गाडी चौथ्या गिअरमध्ये, वेग चांगला, पुढे लांब उतार. उस्ताद शेजारून म्हणाले, "खालचा टाक." सुनेनं क्लच दाबला, दांडा ओढला, क्लच सोडला. इंजिन असं किंचाळलं की उस्तादांच्या पाठीतून कळ गेली. गाडीनं पुढे नाक टेकलं, पट्टा छातीत रुतला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेघेच्या पार गेला. तिनं घाबरून पुन्हा क्लच दाबला, तेव्हा कुठे ती किंकाळी थांबली. तिसऱ्याऐवजी दुसरा पडला होता.

"मारलंस!" उस्ताद ओरडले. "इंजिन मारलंस! दुसरा टाकतात इथे? डोकं घरी ठेवून आलीस काय?"

तिनं हळूहळू गाडी घरी आणली. इंजिनातून टिकटिक येत होती. तिनं किल्ली खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

दुपारी मेकॅनिक येऊन गेला. झाकण उघडलं, बराच वेळ कान लावला, काहीबाही आवळलं. "नशीब, तिनं क्लच लगेच दाबला," तो म्हणाला. "आणखी थोडं ताणलं असतं तर वाल्व्ह वाकले असते. चालवा बिनधास्त. टिकटिक थोडी राहील."

संध्याकाळी मुलगा आला आणि त्यानं विचारलं, हे झालं कसं? सून शांतपणे म्हणाली, "माझाच हात चुकला. मला नाही जमायचं हे. उद्यासाठी दुसरं कुणीतरी बघा."

इंजिन वाचलं होतं, तरी उस्तादांच्या जिवाची घालमेल थांबेना. एका रात्रीत दुसरं कुणी म्हणजे कोण? तोच गाडीवाला? ते उठले, बसले, पाणी प्याले, पुन्हा उठले. सुनेचा राग येत होता आणि त्या रागाला काही बूड नाही, हेही कुठेतरी टोचत होतं. चांगली हुशार पोरगी. इतके दिवस एकदाही चुकली नाही. आजच काय झालं?

ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात तोच उतार पुन्हा उतरू लागले. चौथा आहे. उतार आला. "खालचा टाक," ते पुटपुटले. पाय फरशीवर दबला आणि हात आपसूक वर गेला.

वर!

उस्तादांनी डोळे उघडून आपल्याच हाताकडे पाहिलं. पुन्हा करून पाहिलं. तोंड म्हणतंय खालचा, हात जातोय वर. जाणारच, तिसरा वरच असतो! चौथ्याच्या थेट डोक्यावर. ते खालचा म्हणत ते आकड्यानं, पण दांडा हातात धरलेल्या माणसाला खाली म्हणजे खालीच. चौथा मुळात खाली. तिथून आणखी खाली म्हटल्यावर तिनं दांडा सोडवला आणि खालच्या बाजूला दुसरं जे घर सापडलं त्यात ओढला. ते घर दुसऱ्याचं. इतके दिवस ते "तिसरा", "चौथा" असंच सांगत होते. आजच, ती तयार झाली म्हणून, डेपोतली भाषा तोंडात आली होती.

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तडक स्वयंपाकघरात गेले.

"तू खाली ओढलास, कारण मी खाली म्हटलं," ते दारातूनच म्हणाले. "बरोबर?"

ती भांडी विसळत होती. वळली नाही. "हो."

"तुला कधी कळलं?"

"घरी येतानाच."

"मग बोलली का नाहीस? दिवसभर मूग गिळून बसलीस! नवऱ्यालाही खोटं सांगितलंस!"

आता ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज चढला होता. "काय बोलू, बाबा? आधीच तुमची गाडी सुटली. त्यात तुम्हाला शिकवताही येत नाही, असं चारचौघांत मी सांगू?"

 उस्तादांनी बाहेरच्या खोलीकडे तोंड केलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असे गरजले, "चूक माझ्या तोंडाची होती! तिच्या हाताची नव्हती!" मग खिळ्यावरची किल्ली चाचपत काढली आणि ओट्यावर तिच्यासमोर ठेवली. "उद्या चल. मी एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही? आणि गप्प?" ती नाक ओढत म्हणाली, पण किल्ली तिनं उचलली.

सकाळी सासू मागे बसली, उस्ताद पुढे. टिकटिक करत गाडी मोठ्या रस्त्याला लागली. उस्तादांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तिसरा गेला, चौथा गेला. शेजारी तिचा हात कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं, नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मग नाक किंचित खाली झुकलं. उतार. शब्द जिभेवर आला. त्यांनी दात घट्ट आवळले. शेजारी क्लच दबला, दांडा वर सरकला आणि इंजिन जरासं गुरगुरून मुकाट गाडी आवरायला लागलं. तिसरा. पाण्यासारखा पडला.

उस्तादांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी येऊ दिलं.

"अहो," मागून बायको काळजीनं म्हणाली, "बरं वाटत नाहीये का? इतके गप्प कधी नसता तुम्ही. अगं, तू तरी विचार त्यांना..."

उस्तादांनी मांडीखालचा एक हात काढला, मागे न बघता अंगठा आपल्या सुनेकडे केला आणि म्हणाले, "चालकाशी बोलू नये."