सरावाची साक्षीदार

"इथंच थांबायचं होतं रे!" लुटुपुटूच्या पिंजऱ्यात उभी असलेली मावशी कपाळाला हात लावत म्हणाली.

वर्ग खो खो हसला. समोरचा तरुण वकील घाम पुसत होता. सनद मिळाली होती, पण प्रश्न विचारताना असा अडखळायचा की पोरांनी त्याचं नावच अडखळ्या पाडलं होतं.

"अंधार होता, हे माझ्या तोंडून वदवून घेतलंस. झकास! मग अंधारात दिसलं कसं, हे कशाला विचारायला गेलास? मी म्हटलं, चोराच्याच हातात बॅटरी होती. झाला ना खटला आडवा?"

"राहवलं नाही, मावशी."

"न राहवणाऱ्यानं चकाट्या पिटाव्यात, वकिली करू नये. साक्षीदाराला दार उघडून द्यायचं नसतं. हवं ते मिळालं की गप खाली बसायचं."

मावशी त्या संस्थेत झाडलोटीला लागली होती. नव्या वकिलांना तिथं कोर्टात उभं राहायला शिकवत. एकदा सरावाचा साक्षीदार आलाच नाही, तेव्हा सरांनी तिला झाडू खाली ठेवायला लावून पिंजऱ्यात उभं केलं. तेव्हापासून दर तुकडीला खोटी साक्ष द्यायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. कधी ती चोरी पाहिलेली शेजारीण व्हायची, तर कधी खुन्याची आई. प्रश्न पुरता ऐका, श्वास घ्या, न्यायाधीशांकडे बघून बोला, विचारलं तेवढंच सांगा, हे सरांनी तिच्यात इतकं मुरवलं की हळूहळू तीच पोरांना चार गोष्टी सांगू लागली. अडखळ्यावर तर तिचा भारी जीव. वर्ग सुटल्यावर फरशी पुसता पुसता ती त्याच्याकडून उलटतपासणी घोटून घ्यायची. पोरगा सुधारला, मोठ्या वकिलाच्या हाताखाली लागला. मावशीला कोण आनंद झाला!

आणि मग देवानं तिलाच खऱ्या पिंजऱ्यात उभं केलं.

तिच्या धाकट्या बहिणीला नवऱ्यानं केसांना धरून भिंतीवर आपटलं, ते मावशीनं दारातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. धाकटी गेली. तिची शाळकरी पोर मावशीनं आपल्या घरी आणली. बाप सुटला तर पोर त्याच्या ताब्यात जाणार, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. आणि पाहणारी ती एकटीच.

सरकारी वकिलापुढे मावशीनं सगळं नीट सांगितलं. आवाज कापला नाही, शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मग आरोपीचा वकील उठला आणि मावशीच्या ओठांवर आधी हसूच आलं. अडखळ्या! काळा कोट काय शोभत होता त्याला! तो कुणाच्या बाजूनं उभा आहे, हे मागाहून तिच्या ध्यानात आलं.

"बाई," तो म्हणाला. मावशी नाही, बाई. "याआधी कधी साक्ष दिली आहे?"

"कोर्टात नाही. संस्थेत, सरावाला."

"पुष्कळदा?"

"हो."

"तिथं चोरी पाहिल्याचं सांगितलंत. खरोखर पाहिली होती?"

"नाही."

"खून पाहिल्याचंही सांगितलंत?"

"हो. तो सराव होता."

"विचारलं तेवढंच सांगा."

मावशी पुन्हा न्यायाधीशांकडे बघू लागली.

"तिथं न पाहिलेलं सांगताना," एकदाही न अडखळता तो म्हणाला, "तुम्ही अशाच शांतपणे, असंच न्यायाधीशांकडे बघून सांगायचात?"

मावशीनं श्वास घेतला. "हो."

आता तो विचारील, मग आज खरं बोलताय कशावरून? त्याचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. धाकटीचा शेवटचा आवाज, भिंतीवर राहिलेला डाग, सगळं ती ओतणार होती. विचार रे बाळा, विचार!

"एवढंच, साहेब," म्हणून अडखळ्या खाली बसला.

मावशीनं सरकारी वकिलाकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा उठून एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं. पण ते पुढच्या खटल्याचे कागद चाळत होते. सत्याचा वाली परमेश्वर, असं मावशी लहानपणापासून ऐकत आली होती. त्या दिवशी परमेश्वराची तारीख दुसऱ्या कोर्टात लागली असावी.

निकालात तिच्याबद्दल एकच वाक्य होतं: साक्षीदार सराईत असून तिची साक्ष पढवल्यासारखी वाटते. धाकटीचा नवरा सुटला.

तो पोरीला न्यायला आला तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. उंबऱ्याबाहेर अदबीनं उभा राहिला. "आवरलं का, ताई?"

मावशीनं पोरीचे कपडे पिशवीत भरले, केस विंचरले, मग तिच्यापुढे जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि बूट चढवला.

"दर रविवारी येईन हं मी."

पोरीनं दाराकडे एकदा पाहिलं आणि मावशीच्या कानाशी वाकली.

"घट्ट बांध मावशी. पळताना सुटते नाडी."

मावशीनं दुहेरी गाठ मारली आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.