जखमी काका

"अरे, कण्हतोय मी! ऐकू येतंय का कुणाला?" शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाकांमधून काका ओरडले. "इथं माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही चपला कसल्या शोधताय?"

मुलं खिदळली. काका फरशीवर उताणे पडले होते. कपाळावर बिटाचा रस, एक पाय मुद्दाम वाकडा केलेला. भूकंप होऊन गेलाय, काकांच्या अंगावर कपाट पडलंय आणि त्यांना जिन्यानं खाली मैदानात न्यायचंय, असं त्या दिवशी ठरलं होतं. संकटाच्या वेळी काय करायचं ते शाळाशाळांतून आणि वस्त्यावस्त्यांतून शिकवत हिंडणाऱ्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून दारात उभ्या होत्या. त्यांच्या प्रत्येक सरावाला एक जखमी लागायचा आणि गेली कित्येक वर्षं तो जखमी म्हणजे काकाच.

काका विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही कधी पोचला नव्हता. बाई पहिल्यांदा वस्तीत आल्या आणि "कुणीतरी जखमी होऊन झोपा" म्हणाल्या, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले. धडधाकट माणसानं उगाच मेल्यासारखं कशाला पडायचं? काकांचे गुडघे उभं राहून दुखायला लागले होते, म्हणून ते पुढे झाले. पण चौघांनी उचलल्याबरोबर त्यांनी असा काही टाहो फोडला की सून हातातलं काम टाकून घरातून धावत आली. तेव्हापासून त्यांना सगळे जखमी काका म्हणू लागले. रस्त्यात मुलं विचारायची, "काका, आज कुठला पाय?" आणि काका गंभीर चेहऱ्यानं एक पाय निवडून कोपऱ्यापर्यंत लंगडत जायचे. बायको गेल्यापासून त्यांना घरात कुणी फारसं काही विचारत नसे. इथं मात्र कुठं दुखतंय, किती दुखतंय, पाणी हवं का, सगळं विचारत. त्यांना ते फार आवडायचं.

दोन बांबूंभोवती चादर गुंडाळून मुलांनी स्ट्रेचर केलं. चार टोकांना चौघं. डोक्याच्या बाजूला वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी होती. तिला शाळेत सगळे शिडी म्हणत, अगदी शिक्षकसुद्धा. काका कण्हत होते, शिडी "घाबरू नका हं" म्हणत होती, आणि जिन्याच्या शेवटच्या काही पायऱ्या उरल्या असताना तिच्या घामेजलेल्या हातांतून बांबू निसटला.

काका खांद्यावर आदळले आणि जिवाच्या आकांतानं किंचाळले.

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. असं किंचाळणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मुख्याध्यापक शेजारच्या पाहुण्यांना कौतुकानं म्हणाले, "काय अॅक्टिंग करतात हो!" बाईंनीही टाळ्या वाजवल्या.

"खरंच लागलंय त्यांना," शिडी म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही. मग ती ओरडून म्हणाली, तेव्हा एक शिक्षक हसून म्हणाले, "वा! तू पण छान काम करतेस की." काकांना वेदनेनं बोलता येईना. ते कण्हायचे थांबले, हे बऱ्याच वेळानं बाईंच्या ध्यानात आलं. तेव्हा कुठे सगळ्यांची धावपळ सुरू झाली.

खांद्याचं हाड मोडलं होतं. मुलानं घरात जाहीर केलं, "बाबा, आता हे नाटक पुरे." सुनेनं बिटं आणायचं बंद केलं. काका हात गळ्यात बांधून खुर्चीत बसून राहिले.

काही आठवड्यांनी बाई भेटायला आल्या.

"तुम्ही आता काळजी करू नका काका," त्या म्हणाल्या. "वरच्या कचेरीतून रबराचा बाहुला मिळालाय. माणसाएवढाच आहे, वजनही तेवढंच."

"बरं झालं," काका म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते. जिना उतरताना हल्ली ते कठडा घट्ट धरत, आणि पाठीवर आडवं व्हायचं म्हटलं की त्यांना आपण निसटतोय असं वाटे.

"ती मुलगी मात्र बांबूला हात लावत नाही," बाई म्हणाल्या. "सरावाच्या दिवशी भिंतीला टेकून उभी असते. जबरदस्ती करून काय उपयोग? पण तुमची वस्ती डोंगराच्या पायथ्याला. उद्या दरड आली, घरातलंच कुणी अडकलं, आणि ही अशीच भिंतीला टेकून राहिली तर? मला दुसऱ्या कशाची नाही इतकी या पोरीची धास्ती वाटते."

काकांना त्या दिवशीच्या टाळ्या रात्रंदिवस ऐकू येत होत्याच. आता त्या टाळ्यांत ओरडणारी एकटी पोरही दिसायला लागली.

पुढच्या सरावाला ते शाळेत गेले, नुसतं बघायला. बाहुल्याची पार अब्रू गेली होती. मुलं त्याला तंगडीला धरून ओढत होती, एकानं त्याच्या डोक्यावर टोपी घातली होती, आणि "कुठं दुखतंय?" असं विचारायचं कुणाच्या गावीही नव्हतं. शिडी भिंतीपाशी होती. काका तिच्या शेजारी जाऊन टेकले.

"खूप लागलं का?" तिनं न बघता विचारलं.

नाही म्हणायचं असं काका घरूनच ठरवून आले होते. "खूप लागलं," ते म्हणाले.

"मी सांगत होते सगळ्यांना."

"ऐकलं मी. तू एकटीच सांगत होतीस."

"मग कुणी ऐकलं का नाही?"

"इतकी वर्षं मी खोटंखोटं ओरडत आलो ना. लोकांना सवय लागली. तुझी नाही गं चूक." काकांनी गळ्यातला पट्टा सारखा केला. "आता पुढच्या वेळी खरंच लागलं तर मी काय करू, सांग बरं. कसं कळावं तुम्हांला?"

"पुढच्या वेळी" असं म्हणायचं काकांच्या मनात नव्हतं. पण बोलून बसले होते.

शिडीनं बराच विचार केला. "माझं नाव घ्या," ती म्हणाली. "खरं नाव. ते कुणीच घेत नाही, म्हणजे लगेच कळेल."

तिनं नाव सांगितलं. काकांनी ते हळूच म्हणून पाहिलं, एका अक्षराशी अडखळले, तिनं सुधारलं, त्यांनी पुन्हा म्हटलं. काकांनी हे बाईंना सांगितलं. मग त्यांनी सगळ्या मुलांना गोळा करून नवा नियम सांगितला. काकांनी हे नाव उच्चारलं, की असाल तिथं थांबायचं आणि कुणीही हसायचं नाही.

हाड जुळल्यावर सरावाचा दिवस ठरला. काकांचा मुलगा रजा टाकून आला होता. प्रयोगशाळेच्या दारात त्यानं काकांचा दंड धरला.

"बाबा, कशाला हट्ट करताय?"

"हट्ट कसला रे? घाबरलोय मी."

"मग चला की घरी."

"ती पण घाबरलीय," काका म्हणाले. "दोघांपैकी कुणीतरी आधी आडवं व्हायला पाहिजे ना."

मुलानं दंड सोडला. काका चादरीवर झोपले. शिडी डोक्याच्या बाजूला आली. तिनं तळवे फ्रॉकला पुसले, बांबू धरला, सोडला, पुन्हा पुसले. शेजारच्या मुलानं चुळबुळ केली तेव्हा बाईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. शेवटी चौघांनी उचललं.

जिन्याशी स्ट्रेचर कललं. शिडीचं खरं नाव काकांच्या ओठांवर आलं, ते त्यांनी गिळलं. खालून बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "काका, कण्हा की थोडं!" पण काकांना कण्हायचं सुचेना. ते डोळे मिटून, दोन्ही मुठींत चादर धरून पडून होते. ज्या माणसाच्या टाहोनं वस्ती गोळा होई, तो चकार शब्द काढत नव्हता, आणि हा अभिनय नाही हे या वेळी सगळ्यांना दिसत होतं. मैदान चिडीचूप झालं.

"पायरी आहे," शिडी वरून म्हणत होती. "अजून एक आहे. आता सपाट."

मैदानाच्या मध्यावर चौघांनी गुडघे टेकले आणि स्ट्रेचर खाली ठेवलं. शिकवल्याप्रमाणे तिघं उठून रांगेत जाऊन उभी राहिली. शिडी तिथंच वाकलेली होती. बांबू तिच्या हातांत होता, बोटं पांढरी पडली होती.

"काका, टेकलं का?"

काकांनी पाठीखालची जमीन चाचपली. "टेकलं."

"सोडू?"

काकांनी डोळे उघडले. "सोड बाळा," ते म्हणाले.

तिनं आधी एक हात सोडला. मग त्यांच्या तोंडाकडे बघत बघत दुसरा.