न केलेली खातरजमा

सुषमाने पदराने खुर्ची पुसून पुढे केली, तसा भारत आणखीच ओशाळला.

"बसा सर. शिरूरवरनं थेट केडगावात? काय काम काढलं?"

दौंडच्या तपासणी केंद्रात सुषमाने बारा वर्षं नमुने घेतले. शिरूरच्या लॅबचे रिपोर्ट तिथे पोचवणारा प्रोग्रॅम भारतचा. दोन महिन्यांपूर्वी लग्न ठरलेल्या एका मुलीचा टीबीचा रिपोर्ट गावभर झाला, लग्न मोडलं आणि खापर फुटलं सुषमाच्या डोक्यावर. बाईच्या पोटात काही राहत नाही, असं म्हणून सगळे मोकळे झाले. तिची नोकरी गेली.

"ताई, रिपोर्ट तुमच्याकडून फुटला नाही," भारत एकदाचा म्हणाला. "माझ्या प्रोग्रॅममधनं फुटला."

"तो कसा?"

"रिपोर्ट कम्प्युटरवर जणू बंद पाकिटातच यायचा, वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून. पण समोरचा खरंच आपली लॅब आहे का, हे प्रोग्रॅम तपासतच नव्हता. केंद्राचं वायफाय शेजारच्या मोबाइलवाल्याचं. तो मधे बसून म्हणायचा, मीच शिरूरची लॅब. आपला कम्प्युटर त्यालाच पासवर्ड देऊन मोकळा. त्या पासवर्डनं त्यानं रिपोर्ट उघडून वाचले."

"आन् तुम्ही लिव्हताना बघितलं न्हाई?"

तो भाग भारतने लिहिलाच नव्हता, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडची आयती लायब्ररी वापरली होती. तिच्यात हा दोष आहे, नवी आवृत्ती घ्या, अशी सूचना तीन वर्षांपूर्वी आली होती. चालतंय ना, मग कशाला हात लावा, म्हणून त्याने ती बाजूला सारली. हे सांगताना त्याची मान वर होईना. त्याला लाज वाटत होती, आणि सगळं कळूनही गप्प बसल्याची लाज त्याहून मोठी होती.

सुषमा चिडली नाही. "मला सांगून काय उपेग? माझ्याकडनं फुटला न्हाई, ह्ये मला ठावंच व्हतं." तिने आत हाक मारली. "आत्याबाई, जरा भाइर या. सरांचं ऐका."

तिची सासू शेवंताबाई दारात आली. मोडलेलं लग्न तिच्याच भाचीच्या मुलीचं; तेव्हापासून ती सुनेशी बोलली नव्हती.

"चूक माझी होती," भारत म्हणाला. "यांची काडीचीही नाही."

शेवंताबाईने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "कवा कळलं तुम्हाला?"

काल, म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"लग्न मोडल्यावर आठ दिवसांतच."

"मग इतके दिस कुठं व्हता तुम्ही?"

शेवंताबाई सुनेकडे वळली.

"च्या टाक," ती म्हणाली. "आपल्या दोघींपुरता."