काळं पडणारं पाणी

काचेच्या भांड्यातलं फिकट पिवळं पाणी बघता बघता शाईसारखं काळं झालं आणि सभागृहातली सारी पांढरी डोकी पुढे झुकली.

“पाहिलंत, काका? रोज सकाळी हे गिळता तुम्ही,” मौनगुरू म्हणाला. नाव मौनगुरू, पण आल्यापासून त्याच्या तोंडाला क्षणाची विश्रांती नव्हती. “डॉक्टर याला औषध म्हणतो. पाणी काय म्हणतं? उदासी म्हणजे मनावरची धूळ. धूळ गोळीने जाते का?”

“नाही,” सगळे म्हणाले. माझी आईसुद्धा.

चुरून टाकलेली गोळी एका निवृत्त बसचालकांची होती. बायको गेल्यापासून ते नैराश्यावर औषध घेत होते. आता सगळ्यांनी डोळे मिटून श्वासाकडे बघायचं होतं. मी मिटले नाहीत. मांडीवर दीड वर्षांची मुलगी असली की डोळे मिटायची सोय नसते. ती कुणाची चप्पल तोंडात घालेल याचा नेम नव्हता. म्हणूनच मला दिसलं. शालीखालून गुरूचा हात आला, भांड्यात चिमूटभर पांढरी पूड सोडून परत आत गेला.

“उघडा डोळे.”

पाणी नितळ.

“तुमच्या ध्यानाने विष जाळलं,” तो म्हणाला. एक आजी हुंदके देऊ लागल्या. आईने पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढली आणि समोरच्या टोपलीत टाकली. मी हात धरला, तिने झटकला.

बाबा गेल्यावर आई नळ सोडून तिथेच उभी राहायची, बादली भरून वाहिली तरी. केस विंचरायची नाही. एकदा मी तिला गॅलरीच्या कठड्यावर ओणवी झालेली पाहिली आणि धावत जाऊन आत आणलं. गोळ्यांनी ती हळूहळू माणसांत आली. डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं, “रोज थोडा वेळ शांत बसा, श्वासावर लक्ष ठेवा. मदत होते. गोळी मात्र मनाने बंद करू नका.” बसण्याने तिची झोप खरंच सुधारली. त्या खऱ्याचं बोट धरूनच ती या खोट्यापर्यंत पोचली.

गोळ्या सुटल्या आणि काही दिवसांत नळ पुन्हा वाहू लागला.

मुलीच्या खरचटलेल्या गुडघ्याला लावायचं आयोडिन मी वाटीभर पाण्यात टाकलं. तोच पिवळा रंग. त्यात तापाची गोळी चुरली, काळं. दुसऱ्या वाटीत तसंच पाणी करून मुलीचं बिस्कीट चुरलं, तेही काळं. मग तिची क जीवनसत्त्वाची गोळी पूड करून टाकली. नितळ.

आईला हाक मारून दाखवलं. तिने वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुझ्या ओट्यावर काय होतं ते मला नको सांगूस. तिथे मला बरं वाटतं.”

पुढच्या सभेत गुरूने पिवळं भांडं मांडलं आणि मी उठले.

“महाराज, आज हे टाका.”

“ताई, बसून घ्या. शंकेने ऊर्जा अडते.”

“नेमकी माझ्याच शंकेने कशी अडते?” मी बिस्कीट चुरून टाकलं. पाणी काळं झालं. “हे मी लेकीला रोज देते. विष पाजते का मी तिला?”

बसचालक काका भांड्याशी आले. “बिस्किटातपण औषध असतं होय?”

“पीठ असतं, काका. पुष्कळ गोळ्यांतही बांधणीला पीठ घालतात. हे आयोडिनचं पाणी आहे, पीठ पडलं की काळं होणारच. भात टाका, बटाटा टाका.” मी गुरूकडे वळले. “आता नितळ करा. आम्ही डोळे उघडे ठेवतो.”

त्याने शाल आवळून घेतली. “बाहेरच्या डोळ्यांना सत्य दिसत नाही.”

“शालीत काय आहे ते दिसेल की,” काका म्हणाले.

तो हलेना. मी घरून आणलेली क जीवनसत्त्वाची पूड भांड्यात टाकून ढवळलं. कुणीही ध्यान केलं नव्हतं, तरी पाणी नितळ झालं.

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. गुरू मागच्या दाराने सटकला. दुसरीकडे त्याचं दुकान जोरात चाललंय म्हणतात. त्या दिवशी रडलेल्या आजी मला म्हणाल्या, “तुझं काय जात होतं गं? तो निदान विचारायचा तरी, झोप लागली का म्हणून.”

जिन्यात आई म्हणाली, “त्याने फसवलं ते कळलं मला. पण चारचौघांत वेडी ठरवलंस ती तू.”

डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले. ते आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत.

ध्यान वाईट नाही. आई अजूनही सकाळी बसते, गोळी घेऊन बसते. पण औषध सोडायची अट घालणारा माणूस ध्यान शिकवत नसतो, तो गिऱ्हाईक बांधून ठेवत असतो. कुणी चमत्कार दाखवला तर तोच घरी करून बघा. गोळी नकोशी झाली तर ज्याने दिली त्या डॉक्टरला विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला झोप लागली का, हे परक्याने विचारायच्या आधी तुम्ही विचारा.

आई माझ्याशी मोजकंच बोलते. चालेल. बोलायला ती आहे.