निबंधातली आत्या

"एका वाक्यासाठी अडवलंय गं तिनं. एवढा निबंध लिहिला, निवाडे शोधले, तळटिपा लावल्या, त्याचं काही नाही. म्हातारी त्या आत्याच्या वाक्यावरच अडून बसलीय."

सृष्टी गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी आत ओट्याशी गवार मोडत होते. आमच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसतं जाळीचं दार आहे, आणि जाळीनं डास अडतात, बोलणं अडत नाही. आत्या म्हणजे मीच. म्हातारी म्हणजे मी नव्हे, एवढं कळल्यावर जरा बरं वाटलं.

सृष्टी माझ्या थोरल्या भावाची, सयाजीदादाची मुलगी. माझं माहेर उंब्रजचं. पोरीनं सांगलीत वकिलीला प्रवेश घेतला तेव्हा दादानं तिची बॅग सरळ माझ्या दारात आणून ठेवली. वसतिगृहाचं नावही कुणी काढलं नाही. आता तिचं चौथं वर्ष. माझी शाळा नववीला सुटली, पुढचं जे काही ते हाताला लागेल ते वाचून. पण सृष्टी मोठ्यानं पाठ करते, त्यामुळे चपात्या लाटता लाटता अर्धाअधिक पुरावा कायदा माझ्या कानावरून गेला आहे. राहिला किती ते विचारू नये.

तर साताऱ्याच्या एका वकीलमंडळानं कायद्याच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय, मुलींचा वारसाहक्क. पहिल्या येणाऱ्याला ढाल मिळणार होतीच, पण सगळ्यांचा डोळा होता दुसऱ्या गोष्टीवर: हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला काम करणाऱ्या एका नामांकित वकीलबाईंकडे सहा महिने शिकायला मिळणार होतं. आमच्या सात पिढ्यांत वकील नाही. आमच्याकडून कोर्टात गेले ते सगळे समोरच्या बाकावर बसायला. त्यामुळे सृष्टीला ती जागा किती हवी होती हे मला सांगायला नको. गेले दोन महिने ती झोपेतसुद्धा कलमं बोलत होती.

हल्ली मोबाइलला सांगितलं की तो निबंध लिहून देतो. म्हणून शेवटच्या तिघांना साताऱ्याला बोलावून तोंडी विचारतात, आपणच लिहिलंय ना. मंगळवारी सृष्टी एसटीनं जाऊन आली. एका मुलाला त्याच्याच निबंधातल्या शब्दाचा अर्थ विचारला तर तो पंख्याकडे बघत बसला, हे तिनं मला हसून सांगितलं. परीक्षक कोण तर निवृत्त न्यायाधीश बाई, करडे केस, पायात बूट, हेही सांगितलं. त्यांनी काय विचारलं ते सांगितलं नाही. ते मला गवारीबरोबर कळलं.

आत्याचं वाक्य कुठलं ते मला ठाऊक होतं. एरवी ही पोर वक्तृत्वाचं भाषण असो की सरांना लिहायचा अर्ज, आधी मला वाचून दाखवते. हा निबंध तेवढा तिनं दाखवला नाही. पण शेवटच्या तिघांत नाव आल्यावर कॉलेजनं तो ग्रुपवर टाकला, तिथून दादानं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'आमचा अभिमान'. सगळ्यांनी फुलं आणि टाळ्या पाठवल्या. वाचला कुणी नसावा, कारण वाचला असता तर फुलं जरा उशिरा आली असती. मी दुपारी पाय लांब करून चष्मा लावून वाचला.

चांगला लिहिला होता. आपल्याकडे बापाच्या माघारी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात, साडीचोळी करतात आणि त्याला प्रेम म्हणतात, हे तिनं न घाबरता मांडलं होतं. पण मग मध्यावर आल्यावर तिला वाटलं असावं की फारच एका बाजूला झुकलं. तिथं तिनं लिहिलं: "मात्र हक्कसोड ही दर वेळी सक्तीच असते असे नाही. माझ्या आत्याने उंब्रज येथील आपला हिस्सा भावावरील प्रेमापोटी हसतमुखाने सोडला. कायद्याने सुधारणा करताना या प्रेमालाही जागा ठेवली पाहिजे." पुढचा सगळा निबंध त्या जागेवर उभा होता.

हसतमुखाने हा शब्द मी दोनदा वाचला. त्या दिवशी माझी दाढ सुजली होती. प्रेम असतं तरी हसता आलं नसतं.

वडील गेले त्याच्या वर्षभरानंतरची गोष्ट. सृष्टी तेव्हा रांगत होती. रस्त्याकडेला आमचा एक तुकडा होता, ऊस धड न येणारा, मुरमाड. त्यातला माझ्या वाटचा भाग मला पाहिजे होता. तिथं मला पिठाची गिरणी टाकायची होती. आमच्या यांची नोकरी तेव्हा आज आहे उद्या नाही अशी, आणि मला स्वतःचं काहीतरी फिरतं, आवाज करणारं हवं होतं. हे मी दादाला सांगितलं होतं. आईसमोर सांगितलं होतं. दादा म्हणाला, "गिरणी टाकाय तू उंब्रजला येनार व्हय सांगलीस्नं?" आणि हसला. आईनं उठून चुलीत लाकूड सारलं.

पुढच्या आठवड्यात हक्कसोडीच्या सहीला कराडला गेलो. दस्तलेखकानं बाहेर बाकावर बसून वाचून दाखवलं, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. "बरोबर ना ताई?" असं त्यानं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "व्हय, व्हय." मी गालाला पदर धरून मान हलवली. का हलवली? माहेर राहावं म्हणून. आमच्या शेजारची एकजण सही न करता कोर्टात गेली, तर भाचीच्या लग्नाची पत्रिका तिला शेजारणीच्या घरी बघायला मिळाली. मला माझी भाचरं अंगाखांद्यावर हवी होती. दादानं मला मोरपंखी साडी घेतली, महागाची. त्यानंतर एकही भाऊबीज त्यानं चुकवली नाही. भुईमुगाच्या शेंगा, गुळाची ढेप, काकवी, सगळं येतं. तो वाईट माणूस नाही. असता तर सोपं गेलं असतं.

आणि घरात हे सगळ्यांना ठाऊक. पीठ जाडं आलं की आई म्हणायची, "शकीची गिरणी असती तर..." आणि पुढचं गिळायची. सृष्टी त्याच घरात वाढली.

फोन ठेवून ती आत आली. माझ्यासमोरची गवार ओढून मोडायला लागली. शिरा न काढता.

"आत्या, तुला एक विचारू?"

"विचार."

"तू दादांना... म्हणजे तू ते खुशीनंच दिलंस ना?"

"असे उत्तर आत घातलेले प्रश्न चालत नाहीत म्हणून परवा पाठ करत होतीस ना? काय म्हणतात त्यांना?"

"सूचक प्रश्न." ती हसली नाही. "न्यायाधीश मॅडमनी विचारलं, हे तुम्ही आत्यांना विचारून लिहिलंय का. मी म्हटलं, मी त्यांच्याकडेच राहते. त्या म्हणाल्या, कुठं राहता ते नाही विचारलं."

"मग?"

"मग म्हणाल्या, रविवारी मी स्वतः फोन करून त्यांना विचारते. त्यांनी हो म्हटलं की झालं."

"आणि नाही म्हटलं तर?"

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आणि आम्ही दोघीही गॅस बारीक करायला उठलो. एका गॅसला दोघी. त्यानंतर रविवारपर्यंत हा विषय आम्ही कुकरसारखाच झाकून ठेवला.

रविवारी सकाळी दादा आईला घेऊन आला. मी बोलावलं नव्हतं. सृष्टीनं त्याला फोनचं सांगितलं असणार, आणि दादाला वाटलं असणार की अशा वेळी आपण शेजारी बसलेलं बरं. येताना मटण घेऊन आला. आमचे हे भाच्याच्या मुलीच्या बारशाला इचलकरंजीला गेले होते. अशा वेळी ते नेमके कुठंतरी बारशाला असतात.

जेवताना दादा खुशीत होता. "लय मोठ्या वकीलीनबाई हायेत म्हनं कोल्हापूरच्या. सृष्टे, काळा कोट शिवून घे आत्ताच. टेलर मागनं भाव खात्यात."

"अजून काही झालं नाही, दादा," सृष्टी म्हणाली. आमच्याकडे पोरंही बापाला दादाच म्हणतात.

"हुतंय की. शकू काय परकी हाय व्हय? दोन शब्द बोलंल." मग रस्सा वाढून घेत म्हणाला, "आनि परीक्षा झाली की तुझी बी सही घिऊन टाकू एक डाव. शिवतेज रस्त्याकडंच्या जागंत हाटेल काढायचं म्हंतोय, समदा कागद एका नावावर असला की बरं पडतंय. आत्यावानीच, काय?"

शिवतेज म्हणजे सृष्टीचा थोरला भाऊ. सृष्टीनं भाकरी मोडली. मोडलेली परत मोडली. आई, चंद्राबाई, ऐंशीला आली आहे, तिला हल्ली कमी ऐकू येतं असं ती म्हणते. ती म्हणाली, "मटान मऊ झालंय."

चारच्या सुमाराला फोन वाजला. सृष्टीनं तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. तिनं का लावला कोण जाणे. एक तर दादानं खूण केली असेल, नाहीतर तिला स्वतःलाच ऐकायचं असेल. दादानं टीव्हीचा आवाज बंद केला, पण बघत टीव्हीकडेच राहिला. तिथं कुणीतरी आवाजाशिवाय क्रिकेट खेळत होतं.

"शकुंतलाबाई बोलताय?" आवाज शांत होता, घाई नसलेला.

"हो."

"भाचीनं निबंधात तुमच्याविषयी लिहिलंय. वाचलंत?"

"वाचलं."

"तुमची भाची हुशार आहे. मी तिला पाडायला फोन केलेला नाही. पण तिचा सगळा मुद्दा तुमच्यावर उभा आहे, आणि तुमचा एक शब्द त्यात नाही. म्हणून विचारते. सही तुम्ही मनापासून केलीत का? सवडीनं सांगा."

सवडीनं सांगा असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दानं माझं मनातल्या मनात केलेलं सगळं पाठांतर विस्कटलं. आई पदराचा काठ दोन बोटांत धरून सरकवत होती, जपमाळ ओढावी तसा. सृष्टी फ्रीजला पाठ लावून उभी होती. दोन महिन्यांत पोरगी वाळली होती, गळ्याची हाडं दिसत होती. मला वाटलं, जमीन गेली ती गेली. आता त्यावर हॉटेल होईल. माझ्या एका नाहीनं ती परत येणार नाही, हिची जागा मात्र जाईल. आणि भाऊबीजेला दार वाजणार नाही, हेही वाटलं, ते का लपवू.

"मनापासून," मी म्हटलं. "हसतमुखानंच. माझा भाऊ आहे तो."

आवाज इतका सरळ आला की मलाच नवल वाटलं. दादानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्यानं रिमोट उचलला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर माझा शब्द नाही. सृष्टी आहे का तिथं? सृष्टी, मग माझी काही हरकत उरत नाही. शनिवारी साताऱ्याला—"

"मॅडम," सृष्टी म्हणाली.

ती फ्रीजपासून टेबलापर्यंत आली. माझ्याकडे बघितलं नाही, बापाकडे बघितलं. दादा म्हणाला, "सृष्टे, ठिव आता." आईचा हात काठावर थांबला.

"मॅडम, आत्या माझ्यासाठी खोटं बोलली. तिला सही करायची नव्हती. तिला तिचा हिस्सा पाहिजे होता. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि निबंध लिहिताना मलाही माहीत होतं."