हेल्मी म्हणते म्हणून

"हे घे तुझं!" अर्विड लाम्पीने कोटाच्या खिशातून गांजा तापवून ओढायची काळी डबी काढली आणि काउंटरवर जवळजवळ आपटलीच. "आठवडाभर ओढली. रोज तोंडात जळक्या बादलीची चव. आज जाईल, उद्या जाईल म्हणून दम धरला, पण वास जायचं नाव नाही. दोन रात्री खुर्चीत बसून काढल्या मी, हेल्मी. आडवं झालं की छाती शिट्टी मारते."

हेल्मी निस्कानेनने डबी नाकाशी नेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. वास ओळखीचा होता. ती बनवणाऱ्या कंपनीचा माणूस नमुना ठेवून गेला, तेव्हाच तिने मालकिणीला, लोर्नाला, स्वच्छ सांगितलं होतं, की ह्यातलं प्लॅस्टिक तापतंय, पन्नासदा रिकामं तापवलं तरी हा वास जायचा नाही, हे दुकानात ठेवू नकोस.

"हे तुला विकलं कुणी?"

"तूच की!"

"मी? अरे, शुद्धीवर आहेस ना?"

"रविवारी आलो तर तू नव्हतीस. लोर्ना म्हणाली, हेल्मी हेच वापरते. तरी मी लगेच घेतलं नाही हं. म्हटलं, हेल्मीच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही. मग तिनं हे दाखवलं."

अर्विडने फोन पुढे धरला. इंटरनेटवरच्या दुकानाच्या पानावर व्हिडिओ होता. त्यात हेल्मीच बोलत होती, ओले केस, खांद्यावर टॉवेल. "मी घरी रोज हेच वापरते. नवं असताना दोनतीनदा रिकामंच तापवा, कारखान्याचा वास निघून जातो. घाबरू नका." आणि 'हेच' म्हणताना पडद्यावर आली ती एका हातातली काळी डबी. नखं लाल होती. हेल्मीने जन्मात नखं रंगवली नव्हती.

तिला आधी कळेचना की आपण काय बघतोय. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

अर्विडच्या जागी एखादा नवखा असता, तर त्याने पहिल्याच संध्याकाळी ती डबी कचऱ्यात टाकली असती. पण अर्विड जाणकार. असल्या यंत्रांना आधी रिकामं तापवायचं असतं, वास थोडा चिवट असतो, हे त्याला ठाऊक. वर हेल्मीचा शब्द. मग काय, बसला बिचारा दम धरून ओढत.

तीस वर्षं हेल्मीने हॅनकॉक गावच्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळलं आणि अर्विडने शाळेची बस. नवरा गेला, कंबर धरली, तेव्हा रात्री झोप यावी म्हणून ती गांजाकडे वळली. मिशिगनात त्याची रीतसर दुकानं झाली होती, लपवायचं काही नव्हतं. आणि दोन वर्षांपूर्वी लोर्ना ट्रेवॅरोने तिला ह्या दुकानात उभं केलं. गिऱ्हाईक आलं की ती सरळ सांगायची, "विडीत गांजाही जळतो आणि आपणही जळतो. ओढायची ती तेल भरलेली पेनं म्हणजे गोड सरबत, आत काय घातलंय ते करणारा जाणे. टेबलावरचं, वाफ फुग्यात भरणारं यंत्र झकास, पण ते घेऊन सॉनाच्या वाफेत पायरीवर बसता येतं का?" तिची स्वतःची डबी होती अक्रोडाच्या लाकडाची, काचेच्या तोटीची, मुठीत मावणारी. गांजा न पेटवता नुसता तापवायची. पहिल्या झुरक्याला पाइनची आणि संत्र्याच्या सालीची चव, शेवटी शेवटी भाजल्या शेंगदाण्यांची. आत उरायचा तो पाला चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, राख नाही की काळं नाही. "सॉनात आपण दगडांवर पाणी टाकतो, दगड पेटवतो का? तसंच आहे हे," असं सांगताना तिचा चेहरा असा काही खुलायचा, की ऐकणारा अर्धा तिथेच बरा व्हायचा.

हेच सगळं ती लोर्नाच्या सॉनाच्या पायरीवर बोलली होती. लोर्नानेच फोन धरला होता. "मनापासून बोल, हेल्मी, तू बोललीस की खरं वाटतं," असं म्हणाली होती. आणि ही वेडी मनापासून बोलली!

लोर्ना मागच्या खोलीत मांस-बटाटा भरलेली पेस्टी खात बसली होती.

"अगं, एवढं काय त्यात! थोडं कापलं, थोडं जोडलं. सगळेच करतात."

"मी माझ्या डबीबद्दल बोलत होते."

"डबी ती डबी."

"अर्विडला झोपता येत नाहीये, लोर्ना! तो वास जात नाही, हे मी तुला सांगितलं होतं की नाही?"

"कंपनीनं हिवाळ्याचं भाडं भरलंय आपलं. नाहीतर ह्या दुकानाला टाळं, आणि तू बस मग घरी भिंतींशी बोलत. तुझ्यासाठीच केलं, असं समज."

"मग स्वतःचं तोंड दाखवायचंस! म्हणायचंस, मी वापरते म्हणून."

"माझं कोण ऐकतं गं? लोकांचा विश्वास तुझ्यावर, म्हणून तर…" लोर्नाने पुढचा घास घेतला. आपण काय बोललो, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

नवरा गेला तेव्हा हीच बाई आठवडाभर हेल्मीच्या सोफ्यावर झोपली होती. त्याचे कपडे हिनेच घड्या घालून खोक्यात भरले होते. परक्याने केलं असतं तर हेल्मी चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण जिच्या खांद्यावर डोकं टेकून रडलो, तिनेच केसाने गळा कापावा! शिवीसुद्धा तोंडात येईना.

"तो व्हिडिओ काढ. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर."

लोर्नाने कुरकुरत काढला. हेल्मीने दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली.

"उद्या डोकं शांत झालं की ये," लोर्ना म्हणाली.

"उद्या नाही, कधीच नाही."

घरी जाऊन तिने आपली डबी स्पिरिटने लख्ख पुसली, काचेची तोटी उकळली आणि तशीच अर्विडकडे गेली. तो स्वयंपाकघरात पाठीला उशी लावून बसला होता. एरवी ती आली की तो जागेवरूनच ओरडायचा, "ए हेल्मी, दार लाव, ऊब जातेय!" आज दार तिने आपणहून लावलं.

"हे माझं, अर्विड. व्हिडिओत बोलले ते ह्याच्याबद्दल. लोर्नानं जोडाजोडी केली. हे तू ठेव, वापर."

त्याने डबी हातात घेतली, फिरवली. नासलं की काय अशा शंकेने दूध हुंगतात, तशी हुंगली.

"लोर्ना म्हणाली, हेल्मी ते वापरते. आता तू म्हणतेस, हे वापरते."

"मी कधी तुझ्याशी खोटं बोललेय का?"

"नाही. म्हणून तर आठवडाभर ओढली." तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी साधेपणाने बोलला.

डबी त्याने तिच्या तळव्यावर परत ठेवली. मग खणातून कागद काढला, गांजा चुरला आणि विडी वळली.

"अरे, काय करतोस? छाती बघ तुझी!"

"वाईट आहे, ठाऊक आहे मला. पण ह्या विडीनं कधी 'मी चांगली आहे' म्हणून सांगितलं नाही."

पहिल्याच झुरक्याला त्याला जो ठसका लागला, तो थांबेना. हेल्मीने धावत जाऊन पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. तिला रडू येत होतं, पण आत्ता रडलो तर तेही ह्याला खोटं वाटेल, अशी तिला भीती वाटली. पाणी पिऊन त्याने ग्लास खाली ठेवला, डोळे पुसले.

ती निघाली तेव्हा टेबलाचा आधार घेत तो उठला. तिच्यापुढे जाऊन त्याने दार उघडून धरलं आणि ओसरीवरचा दिवा लावला.

"सावकाश उतरा, मिसेस निस्कानेन. पायऱ्यांवर बर्फ आहे."

हेल्मी कठडा धरून उतरली.