बिनसुईचा रणगाडा

मी रणगाडा बोलतोय. अहो, पळू नका! तोफ आहे मला, पण टाचणीच्या टोकाएवढी. पट्टे आहेत, पण ते फिरत नाहीत. अंगठ्याच्या नखावर मी आरामात मावतो. कोटाच्या कॉलरवर लावायचा बिल्ला आहे मी, जुन्या काळच्या एका नामांकित रणगाड्याच्या रूपाचा. अंगानं लहान असलो तरी ऐट त्याचीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म साच्यात झाला. पितळेची पट्टी, वरून एक दणका, की झालो मी तयार. मग लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईनं बारीक नळीनं माझ्या अंगात हिरवा रंग भरला. तिचं तोंड शेजारणीला सुनेच्या तक्रारी सांगण्यात गुंतलेलं, पण रंगाचा एक थेंब रेषेबाहेर गेला असेल तर शपथ! असे हात मी पुढं फार थोडे पाहिले. नंतर भट्टीत भाजून निघालो आणि शेवटी माझ्या पाठीवर सुई बसली. सुईच्या टोकावर घट्ट बसणारी पितळी टोपीही मिळाली. ती टोकदार सुई म्हणजे माझा जीव की प्राण. रणगाड्याला काहीतरी बोचणारं हवंच ना!

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. बिल्ले जमवायचा त्यांना भारी नाद. त्यांनी मला मखमल लावलेल्या खणात ठेवलं. माझ्या एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला आगबोट. पाहुणे आले की डॉक्टर खण उघडायचे आणि पाहुण्यांचा हात पुढं यायच्या आत म्हणायचे, "हात नका लावू हं, ठसे उमटतात." स्वतः मला उचलायचे तेसुद्धा दाताच्या चिमट्यानं. थाट मोठा होता, नाही कशाला म्हणू? पण खरं सांगतो, त्या मखमलीवर पडून पडून मी कंटाळून गेलो होतो. कोटासाठी जन्माला यावं आणि कोट कधी दिसूच नये!

एका सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांनी मला डबीत घातलं आणि जुन्या रणगाड्यांच्या संग्रहालयात नेलं. खऱ्याशी मला ताडून बघायचं होतं त्यांना. डबी उघडली आणि मी हबकलोच. आरशात बघावं आणि आरसा घराएवढा निघावा, तशी माझी गत झाली. तेच रूप, तोच घुमट, तीच तोफ. फक्त त्याच्या अंगाला तेलाचा वास होता. एक मेकॅनिकबाई कोपरापर्यंत ग्रीसनं माखून त्याच्या पोटात शिरल्या होत्या. बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करायचा त्यांनी चंगच बांधला होता.

त्याच्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगात जुना कोट, उजवा हात खिशात. संग्रहालयाच्या त्या शेडमधली सगळी मंडळी त्यांना आजोबा म्हणत. तरुणपणी हाच रणगाडा त्यांनी चालवला होता. आता येणाऱ्याजाणाऱ्यांना ते त्याची माहिती सांगत.

"आत बसलं की मला पुढचं दिसायचं नाही फारसं," आजोबा सांगत होते. "आमचा कमांडर माझ्या मागं, वरच्या बाजूला. बोलायचं यंत्र बंद पडलं, तर तो पायानं सांगायचा. उजव्या खांद्यावर पाय टेकवला की उजवीकडे. डाव्या खांद्यावर, की डावीकडे. एकदा धुरात अडकलो, आणि त्याचा पाय माझ्या खांद्यावर नुसताच पडून राहिला. हलेना. मी समजलो, त्याला लागलंय. मग आठवेल तसा रस्ता धरला आणि थेट दवाखान्याच्या तंबूपाशी नेऊन गाडी उभी केली."

"मग? वाचला तो?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाचला म्हणजे काय! अजून फोन करतो आणि अजूनही मला उजवं-डावं शिकवतो."

सगळे हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला डबीतून काढलं, चिमटा न घेता, चक्क बोटांनी. ठसे उमटले माझ्यावर. म्हणाले, "आजोबा, हा माझ्या खणात उगाच पडलाय. तुमच्या कोटावर शोभेल." आपल्या संग्रहातला आवडता बिल्ला असा देऊन टाकायला काळीज लागतं. डॉक्टरांना मी तेव्हापासून मानतो.

आजोबांच्या घरी पाऊल ठेवलं तो कानावर आवाज आला: टक. आजींच्या शिलाईयंत्रापाशी कातडी पर्सांचा ढीग होता. पर्सच्या झडपेला चुंबक असतं ना, ते मिटताना असंच वाजतं. टक. आजींनी शिवलेल्या पर्सा आसपासच्या सगळ्या बायकांच्या खांद्यावर. आजोबा त्यांना 'मालकीणबाई' म्हणत आणि कामात लुडबुड करून बोलणी खात.

रोज सकाळी आजोबा आरशासमोर उभे राहून मला कोटावर लावत. तो सोहळाच असायचा. केस विंचरून झाले, की आधी सुई कापडातून आरपार, मग मागून टोपी. मी छाती काढून बसायचो आणि आम्ही दोघं शेडवर जायचो. मखमलीपेक्षा हा जुना कोट मला शंभरपटींनी आवडला.

पण आजोबांचा तो खिशातला हात. तो थरथरायचा. आधी एकटाच थरथरायचा, मग दुसराही त्याला सामील झाला. सुई कापडाऐवजी बोटात जायला लागली. टोपी हातातून निसटून यंत्राखाली घरंगळायची आणि आजोबा गुडघ्यांवर बसून ती शोधायचे.

"अहो, द्या इकडे, मी लावते," आजी म्हणायच्या.

"काही नको. माझं मला येतं."

एका सकाळी ते काही केल्या जमेना. सुई वाकडी झाली, कोटाला रक्ताचा ठिपका लागला. आजोबांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला.

"ऐक गं," ते म्हणाले. "रणगाड्यात आमचा एक नियम होता. ज्याचा हात ऐकत नाही, त्यानं गाडी वळवायच्या दांड्यांना हात लावायचा नाही. इंजिन सुरू व्हायचं त्या दिवशी मी चालवायला बसावं असं त्या मेकॅनिकबाईंनी ठरवलंय. एवढा बिल्ला ज्याला लावता येत नाही, त्यानं कशाच्या तोंडावर बसायचं? उद्या पुन्हा बघतो. नाही जमलं तर कळव त्यांना, आजोबा आता येणार नाहीत म्हणून."

आजींनी खुर्चीवरचा कोट उचलून रक्ताचा ठिपका पुसायला घेतला. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. मागं एकदा तापामुळं आजोबा काही दिवस घरी होते. तेव्हा ते खिडकीपाशी बसून राहत, जेवायला हाक मारली तरी 'हं' सुद्धा करत नसत. त्या खिडकीची आजींनी धास्ती घेतली होती.

दुपारी आजोबांचा डोळा लागला. आजींनी मला उचललं, यंत्राच्या दिव्याखाली धरलं आणि पक्कड हातात घेतली. मला वाटलं, वाकडी झालेली सुई सरळ करतायत. छे! कटकन आवाज झाला आणि माझी सुई मुळापासून तुटून टेबलावर पडली.

काय सांगू तुम्हाला! माझं टोक गेलं. बिल्ले जमवणाऱ्यांच्या लेखी मी त्या क्षणी बाद झालो. मी मनातल्या मनात आजींना नाही नाही ते बोललो. त्या मात्र उरलेला खुंट कानशीनं घासत राहिल्या. मध्येच कानस सटकली आणि त्यांच्या बोटाचं सालटं निघालं. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि पुन्हा घासायला लागल्या. तेव्हा माझा राग गेला. मग त्यांनी पर्सचं चपटं चुंबक माझ्या पाठीला चिकटवलं आणि त्याचा जोडीदार कोटाच्या आतून लावण्यासाठी वेगळा ठेवला.

"हे काय?" दुसऱ्या सकाळी आजोबांनी विचारलं.

"डॉक्टरांनी बदलून दिला," आजी यंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या. "काल तुम्ही झोपला होतात तेव्हा येऊन गेले. सुईवाले आता बनतच नाहीत म्हणे. सगळे असेच येतात."

"सगळेच?"

"सगळेच."

"आणि बोटाला काय झालं तुझ्या?"

"कात्री लागली."

आजोबांनी मला कोटावर ठेवलं, आतून दुसरं चुंबक नेलं. टक! हात थरथरत होता तरी मी बरोबर जागेवर बसलो. आजोबांनी आरशात बघून कॉलर नीट केली. आजी खाली बघून शिवत होत्या, पण सुईखाली कातडंच नव्हतं.

अखेर इंजिन सुरू करायचा दिवस उजाडला. शेड माणसांनी भरली होती. आजी नवी पर्स घेऊन पुढच्या रांगेत. मेकॅनिकबाईंनी त्या दिवशी हात धुतले होते, त्यामुळं मला त्या पटकन ओळखूच आल्या नाहीत. आजोबा रणगाड्यावर चढायला लागले. चढताना तोल सावरायला छाती पोलादाला टेकली आणि घात झाला. माझं चुंबक त्या पोलादाला जे चिकटलं, ते सुटेचना! मोठ्या रणगाड्यानं आजोबांना कोटासकट कवटाळलं होतं.

"सोड गं बाई," आजोबा रणगाड्याला म्हणाले, "घरची पुढच्या रांगेत बसलीय!"

शेड हसून लोटपोट झाली. आजोबांनी कोट ओढून घेतला. आतलं चुंबक टणकन खाली पडलं आणि मी तसाच रणगाड्याला चिकटून राहिलो. तेवढ्यात गर्दीतून कोण पुढं आलं असेल? डॉक्टर! त्यांनी मला सोडवलं, उलटं करून बघितलं आणि आपलाच दात उपटल्यासारखा चेहरा केला.

"अरे, याची सुई कुठं गेली?"

आजी पांढऱ्याफटक पडल्या. हातातली पर्स त्यांनी घट्ट धरली. आता आजोबा खाली उतरणार, कोट काढणार आणि खिडकीपाशी जाऊन बसणार, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं.

"काय डॉक्टर, विसरलात?" आजोबा मोठ्यानं म्हणाले. "तुम्हीच नाही का बदलून दिलात?"

"मी?" डॉक्टरांनी आजोबांकडे पाहिलं, मग आजींकडे, मग त्यांच्या हातातल्या पर्सच्या झडपेकडे. माणूस हुशार. "हो, हो, मीच की! मूळ काढून टाकलं आणि कवळी बसवली. बसलीय मात्र झकास."

त्यांनी मला आजोबांच्या हातात दिलं आणि लोक आपापल्या जागी गेले. आजी खाली पडलेलं चुंबक उचलून द्यायला जवळ आल्या. तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, "जन्मभर ज्या घरात पर्सा टकटक वाजतायत, तिथं राहून मला तो आवाज ओळखता येणार नाही होय? पहिल्याच सकाळी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला कानस लागली, ते तू कुठं बोललीस? कात्री म्हणे! कात्रीनं असं सालटं निघतं?"

आजींना हसू आणि रडू एकदमच आलं. "आणि तुमचा तो नियम?"

"नियम हाताचा होता. तू माझ्यासाठी बोट सोलून घेतलंस, त्यावर मी हात बांधून घरी बसलो असतो, तर माझ्यासारखा करंटा मीच. सरक आता, गाडी काढायचीय."

त्यांनी मला कोटावर लावलं. टक! मग ते आत उतरले. इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि असं गरजलं की माझ्या अंगातला रंगसुद्धा थरारला. आजोबांनी दोन्ही दांडे मुठीत धरले. बारीक कामाला नकार देणारे तेच हात, त्या जाड लोखंडावर कसे बसले म्हणता! मला त्यांच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. रणगाडा शेडमधून उन्हात गेला, थांबला आणि तसाच सरळ मागं येऊन आपल्या जागी उभा राहिला.

आजोबा खाली उतरले तेव्हा उजवा हात पुन्हा थरथरत होता. पण त्या दिवशी त्यांनी तो खिशात घातला नाही. तसाच सगळ्यांसमोर पुढं करून मेकॅनिकबाईंशी हस्तांदोलन केलं. खूप मोठी माणसं पाहिली मी, पण त्या हाताएवढा धीट हात पाहिला नाही.

आता आम्ही सगळेच थकलो. माझा हिरवा रंग एका कडेला उडालाय. आजोबांच्या बोटांना चुंबकही धरवत नाही. शेडवर मात्र ते जातात, खुर्चीत बसून का होईना, आणि खांद्यावरच्या पायाची गोष्ट सांगतात.

मखमलीवर निजलेल्या माझ्या भावंडांच्या मालकांनो, एक विनंती आहे. त्यांना एकदा तरी कोटावर लावा. ठसे उमटू द्या, रंग उडू द्या. आम्ही त्यासाठीच जन्मलोय. सुई गेल्याचं दुःख तर मी केव्हाच विसरलो.

अजूनही रोज सकाळी आजोबा आरशासमोर उभे राहतात. आजी मला त्यांच्या कॉलरवर ठेवतात आणि दुसरं चुंबक आतून अलगद, आवाज होऊ न देता लावतात. मग आजोबांकडे बघतात. आजोबा मान ताठ करतात आणि तोंडानं म्हणतात, "टक!"